अजगराला ‘सिट’ म्हणता येत नाही!

लॅब्रॅडॉर आता जुना झाला. पर्शियन मांजर तर सगळ्यांकडेच असते. सध्या चलती आहे ती ‘एक्झॉटिक पेट’ची. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात हल्ली इग्वानाची चर्चा होते आणि अजगराचीही. ‘लहानपणापासून हाताळला की ट्रेन होतो गं, एकदम कूल!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता सांगूनच टाकते : मी मोर्शीची आहे आणि ट्रेनिंग नक्की कुणाचं होतं ते मी जवळून पाहिलंय.

मोर्शी म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं संत्र्यांच्या बागांचं गाव. जवळच अप्पर वर्धा धरण. बागा, पाणी, उंदीर... म्हणजे साप आलेच. माझा मामेभाऊ तिथे सर्पमित्र आहे. मामीचा मला ठरलेला फोन : ‘बाई, तुयं ऐकते तो. त्याले म्हन, थे साप धरनं सोड.’ मामीची काळजी काही उगाच नाही. साप पकडताना दंश होऊन सर्पमित्र गेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. म्हणून गेल्या दिवाळीत समजूत काढण्याआधी त्याचं काम बघायचं ठरवलं आणि एका कॉलवर त्याच्यासोबत गेले.

संत्र्याच्या झाडाखाली, ठिबकच्या नळ्यांजवळ, आठेक फुटांचा अजगर पडला होता. भावाने आधी वनविभागाला फोन केला, मग दोन साथीदारांची वाट पाहिली. ‘एवढा मोठा असला का एकट्यानं हात लावाचाच नाई, ताई.’ साथीदार आले. त्यातला एक सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून आला होता. त्याला आधी साबणाने हात धुवायला लावले! कारण अजगर जिभेने वास टिपतो आणि त्याच्या ओठांवरच्या खाचांना शरीराची ऊब कळते. कोंबडीचा वास येणारा गरम हात म्हणजे त्याच्या हिशेबात कोंबडीच.

मग हुकाने पाठीवर अगदी हलका स्पर्श. अजगर फुस्स करताच भाऊ थांबला. पुन्हा स्पर्श, पुन्हा थांबणं. शेवटी एकाने डोक्यामागे धरलं, दुसऱ्याने मधलं वजन तोललं, तिसऱ्याने शेपूट. अंगाला आधार नसला की तो घाबरतो आणि घाबरला की मिळेल ते आवळतो. काही मिनिटांत तो कापडी पिशवीत होता. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, ‘भाऊ, गयात टाका ना, एक फोटो!’ भावाने वरसुद्धा पाहिलं नाही. ‘गया म्हनजे खुंटी हाये का बे?’

परत येताना मी त्याला ऑफिसातलं ते ‘ट्रेनिंग’ विचारलं. तसं काही असतं का? असतं. परदेशात बर्मीज किंवा रेटिक्युलेटेड पायथन पाळणारे ‘हुक ट्रेनिंग’ करतात. पिंजरा फक्त खाणं द्यायलाच उघडला, तर ‘दार उघडलं की भक्ष्य’ एवढंच सापाला कळतं आणि तो आत येणाऱ्या हातावर झडप घालतो. म्हणून बाहेर काढायच्या वेळी आधी हुकाने हळूच टोकायचं. हुक लागला की आज जेवण नाही, ही खूण हळूहळू पक्की होते. सापाचा अभ्यासक्रम बहुतेक इथेच संपतो!

बाकी सगळे धडे माणसाला. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा दूर राहायचं. मोठ्या सापाजवळ दुसरा माणूस हवाच. आणि चावलाच तर हात हिसकायचा नाही, कारण दात मागे वळलेले असतात आणि ओढलं की जखम वाढते. विळखा सोडवायचा तो शेपटीकडून. ‘साप सवयीचा होते, ताई,’ भाऊ म्हणाला, ‘पन सवय म्हनजे दोस्ती नाई.’

आपल्याच पुण्यातलं उदाहरण घ्या. १९८० साली नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले. त्यांनी साप माणसाळवले नव्हते. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. अंगावर चढलेला साप न दुखावता बाजूला ठेवायचा, एवढंच. शिकलेलं काय होतं? त्यांचे हात. कात्रजचं सर्पोद्यान याच माणसाने उभं केलं. अजगर बघायचाच असेल तर एखाद्या रविवारी तिकडे चक्कर टाका.

कारण घरी आणायचा विचार असेल, तर कायदाही ऐका. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. पाळणं सोडा, परवानगीशिवाय पकडणंही गुन्हा. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांची २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारकडे नोंदणी करावी लागते. शिवाय अजगर वीसहून जास्त वर्षं सहज जगतो. तेवढ्यात तुमची नोकरी, शहर, फ्लॅट किती वेळा बदलेल, मोजा!

आमचा अजगर वनविभागाच्या माणसांसमोर जंगलात सुटला. पिशवीतून निघाला आणि मागे न बघता गवतात शिरला. मामीला मी सांगितलं, ‘त्याला थांबवणार नाही. पण दोन अटी घातल्यात. एकटा जायचं नाही आणि कॅमेऱ्यासाठी साप हातात घ्यायचा नाही.’ मामी क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘अन् पोहोचला का फोन कराचा, हे तिसरी.’

ती अट भाऊ सगळ्यात काटेकोर पाळतो.