साडेतीनशेव्या पानापर्यंत

त्या दिवशी तुला वाचायला कुणी घेतलं नव्हतं. कपाटातून काढलं, हातोहात पुढे दिलं, खिडकीत रचलं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा. नावांकडे कुणी पाहिलं नाही. जाडी पाहिली.

नोव्हेंबर १९३६. माद्रिद. स्पेनचं यादवी युद्ध.

तत्त्वज्ञान आणि साहित्य विद्याशाखेची ती इमारत. भिंतींचा नवेपणा अजून ओसरलेला नव्हता. खाली मान्थानारेस, नावापुरती नदी. तिच्या पलीकडच्या कासा दे काम्पोच्या झाडांतून बंडखोर सेनापती फ्रँकोचं सैन्य आलं. १५ तारखेला पाणी ओलांडून ते विद्यापीठात शिरलं.

काचा गेल्या. प्रकाश उरला, उघडावाघडा.

त्या उजेडात तुम्ही उभे राहिलात, तुम्ही ग्रंथ, शहर राखायला आलेल्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या परक्या पोरांची ढाल होऊन. जर्मन तत्त्वज्ञान होतं. भारतीय तत्त्वज्ञानाचे खंडही होते. आपल्याकडची देह आणि आत्म्याची चर्चा इतक्या दूर, इतक्या थंडीत, कुणाच्या तरी छातीपुढे उभी होती.

तिथे लढलेला बर्नार्ड नॉक्स पुढे ग्रीक वाङ्मयाचा मोठा अभ्यासक झाला. त्यानं सांगून ठेवलंय, गोळी सरासरी ३५० व्या पानापर्यंत जायची.

तीनशेपन्नास.

त्या पानापर्यंत कोण पोहोचलं असतं रे? रात्री दिव्याखाली, समासात पेन्सिलीनं बारीक खूण करत, जो आता ट्रामनं आघाडीवर गेला होता तो विद्यार्थी. की समुद्रापलीकडच्या मोरोक्कोतून आणलेला, या शहराशी कसलंच वैर नसलेला, त्याच्याच मातीत आडवा झालेला तो शिपाई. की आपली भाषा इथे कुणाला कळत नाही हे ठाऊक असूनही आलेला, तुझ्याआड डोकं टेकून दोन घटका झोपलेला तो परदेशी पोरगा. की अजून जन्मालाच न आलेलं कुणी, ज्याच्यासाठी ग्रंथपालानं तुझ्या पाठीवर क्रमांक चिकटवला होता?

कुणीच नाही. गोळी पोहोचली.

शेवटची पानं शाबूत. तिथवर नेणारं प्रत्येक पान भोकाचं.

जवळच्या क्लिनिको इस्पितळात मजल्यामजल्यासाठी माणसं मेली. २३ तारखेला समोरची चढाई थांबवली गेली. शहर घेता आलं नाही. ज्यांनी ते राखलं त्यांना माझे हात आपोआप जुळतात. तरी विजय हा शब्द ओठांवर येत नाही, तुला खिडकीत पाहिलं की.

मग शांतता. वाचनालयातली नव्हे; ती निराळी असते, तिच्यात पान उलटल्याचा आवाज असतो. ही खंदकातली. दोन वर्षं, चार महिने.

२८ मार्च १९३९ रोजी माद्रिद शरण गेलं. आघाडीची रेषा त्या दिवशीही विद्यापीठातूनच जात होती.