"आपल्याला काय होतंय?"

होस्टेलवर रात्री दोनला जे ज्ञान मिळतं, ते लेक्चरला मिळत नाही! परवा विषय निघाला एड्सचा. एकजण म्हणाला, "आपली गावाकडची बॉडी, आपल्याला काय होतंय?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

माझे मोठे काका ट्रकवर होते. नगर-मनमाड रोडवरचे ढाबेवाले त्यांना नावानं ओळखायचे. तेही हेच म्हणायचे. २००२ मध्ये ते गेले. ताटावाटीतून एचआयव्ही पसरत नाही, हे आजीला कुणी सांगितलंच नव्हतं; शेवटी त्यांचं ताटसुद्धा वेगळं होतं. घरात आजही 'कावीळ झाली होती' असंच सांगतात.

'काही होत नाही' अशी माणसं जगात आहेत बरं का! हा विषाणू बहुधा सीसीआर-५ नावाच्या दारातून पेशीत शिरतो. आई-वडील दोघांकडूनही या जनुकाची ३२ अक्षरं गळालेली प्रत मिळाली, तर पेशीवर ते दारच नसतं. हे १९९६ मध्ये कळलं. पण अशी माणसं उत्तर युरोपात शंभरात एखादी, आपल्याकडे जवळजवळ नाहीतच.

म्हणजे आपलं दार उघडं. कुलूप आपणच लावायचं: कंडोम, तपासणी आणि लागण झालीच तर रोजच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यात त्या २००४ पासून फुकट मिळू लागल्या. काकांना दोन वर्षं कमी पडली.

त्या रात्री रूमवर मी काकांचं खरं सांगितलं. पहिल्यांदाच. मित्रांनो, कुणी हसलं नाही.