टिक, गोचीड आणि आजीची मनी

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला 'टिक' म्हणजे बरोबर उत्तरापुढची लाल खूण. आठ पायांची टिक मला भेटली ती शिराळ्याला, मामाच्या गोठ्यात, आणि तिचं मराठी नाव गोचीड. (शिराळा म्हणजे बत्तीस शिराळा, नागपंचमीचं. रूमवर हे नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे घरात नाग असतात का गं?" नसतात. म्हशी असतात.)

आणि आजीची मनी असते. दिवसा बांधावर उंदीर, रात्री गोठ्यात वैरणीवर झोप. पावसाळा सरता सरता तिकडे गवत कमरेएवढं वाढतं आणि गोचिडींचं फावतं. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या टोकावर चढून पुढचे दोन पाय पसरून वाट बघत बसते. त्या पायांवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ओळखणारं इंद्रिय असतं. आमच्या लॅबमधला सेन्सर याच्या निम्म्याने जरी चालला असता, तर सबमिशन वेळेत झालं असतं!

मांजर स्वतःला सारखं चाटतं, त्यामुळे बऱ्याच गोचिडी तिथेच निघून जातात. उरतात त्या जीभ पोचत नाही तिथे, म्हणजे कानामागे, हनुवटीखाली, मानेवर. शिवाय बोटांच्या बेचक्यात दडलेल्या असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मनीच्या कानामागे अशीच एक सापडली, रक्त पिऊन टम्म फुगलेली. आजी म्हणाली, "एरंडाची बी हाय बघ." आता गंमत बघा, लॅटिनमध्ये 'रिसिनस' म्हणजे गोचीडच, आणि एरंडाची बी तिच्यासारखी दिसते म्हणून त्या झाडाचं शास्त्रीय नाव रिसिनस कम्युनिस. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू म्हशींवर फवारायच्या औषधाची बाटली घेऊन आल्या. "म्हशीला चालतंय, मग मांजराला का न्हाय चालायचं? चार थेंब चोळ." आजीने बाटली हातात घेतलीसुद्धा. मामा आडवा आला. आदल्या वर्षी त्याच आळीतल्या एका बोक्याला असंच औषध चोळलं होतं. संध्याकाळी तो थरथरायला लागला, तोंडाला फेस, मग झटके. पहाटेपर्यंत संपला. सगळे म्हणाले, पान लागलं. शिराळ्यात कुणाचंही काही झालं की पहिला आळ सापावर! मामाला मात्र ते तेव्हाच पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनीला पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, पर्मेथ्रिन ही सगळी एकाच घराण्यातली. म्हशीचं किंवा कुत्र्याचं यकृत ती फोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी रासायनिक यंत्रणा फार दुबळी, म्हणून विष अंगात साठतं आणि मज्जातंतूंवर जातं. आपली साधी तापाची पॅरासिटामॉलसुद्धा याच कारणाने मांजराला मारू शकते, एक गोळी पुरते. डोस कमी केला की झालं, हा हिशोब इथे चालत नाही. मांजर म्हणजे लहान आकाराचं कुत्रं नव्हे.

हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या मेसच्या मागच्या मांजरीला कुत्र्यांची पावडर लावायचा बेत विंगमध्ये एकदा शिजलेला आहे. प्रेमानेच हं! पण डब्यावर 'मांजरासाठी' असं स्पष्ट नसेल तर तो डबा उघडायचाच नाही. अमित्राझ हे कुत्र्यांचं दुसरं औषधही मांजराला वर्ज्य. डॉक्टरांनी मनीला फिप्रोनिलचे थेंब दिले, तेही वजन करून, मानेच्या मागे केस बाजूला सारून थेट कातडीवर. जीभ तिथे पोचत नाही म्हणून ती जागा. अगदी लहान पिल्लांना तेही नको, त्यांच्या हातानेच काढायच्या. आणि चुकीचं औषध लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवायचं, पुसायचं, आणि झटके येण्याची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

गोचीड काढणं हे खरं तर आपल्या ब्रँचचं काम. तिच्या तोंडाला गळासारखे उलटे काटे असतात, शिवाय बऱ्याच जाती भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडतात. बारीक टोकाचा चिमटा पार कातडीला टेकवून तोंडाशीच पकडायचा आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. हिसका नाही, पीळ नाही. पोट दाबायचं नाही. रॉकेल, तंबाखूचं पाणी, पेटती काडी हे सगळे घरगुती उपाय बाद, कारण त्रास झाला की ती पोटातलं परत जखमेत ओकू शकते. वर तंबाखू आणि रॉकेल मांजराच्या जिभेवर जातं ते वेगळंच. काढलेली स्पिरिटच्या बाटलीत टाकायची, नखाने चिरडायची नाही. माकडताप गोचिडीनेच पसरतो. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे येऊन पोचला होता.

मनीने सगळा वेळ मामाच्या मनगटावर दात रोवून ठेवले होते, पण गोचीड तोंडासकट निघाली.

एक निघाली म्हणजे संपलं असं मात्र नाही. म्हशीची गोचीड बहुतेक आयुष्य एकाच जनावरावर काढते. कुत्र्याची तपकिरी गोचीड, जी मांजरालाही लागते, ती दर टप्प्याला खाली उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि नवीन गिऱ्हाईक शोधते. एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणून मामाने गोठ्याच्या भिंतीच्या भेगा बुजवल्या, मनीचं पोतं उकळत्या पाण्यात घातलं, आणि रोज संध्याकाळी तिच्या कानामागे बोट फिरवायचं काम आजीकडे आलं.

बाटली आता माळ्यावर आहे. म्हशींना ती लागतेच. फवारणीच्या दिवसापासून पुढे दोन दिवस मनी माडीवर कोंडलेली असते, नाहीतर ओल्या वैरणीवर लोळून नंतर तेच अंग चाटायची. ती आतून दार ओरबाडते आणि आजी बाहेरून तिला शिव्या घालते.