बोटांनी बघायचं चित्र

नाव घातलेलं भांडं नाही असं घर आमच्या बेळगावकडे सापडायचं नाही. तांब्याच्या काठावर 'मामांकडून सप्रेम भेट', शेजारच्या परातीवर कन्नड लिपीतलं 'काणिके', आणि दोन्ही एकाच फडताळात. छिन्नीने पाडलेली ती टिंबाटिंबांची अक्षरं! चिंचेने घासघासून निम्मी पुसली, तरी भांडं कुणाकडून आलं ते घरातल्या बायका बिनचूक सांगत.

अक्काला यंदा अठ्ठ्याहत्तरावं लागलं. १९६७ साली ती शहापुरातून बैलहोंगलला कन्नड घरात सून म्हणून गेली. काचबिंदूने तिची नजर आता गेलीच आहे. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. बाबांचा मागावर बसलेला एकच फोटो आमच्याकडे आहे, १९७१ चा. तो पितळी तबकावर कोरून तिला द्यायचं मी मनात घेतलं.

आधी लेसरवाल्याकडे गेलो. मुलाने फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि नमुना म्हणून एका स्टीलच्या पत्र्यावर दोन मिनिटांत उमटवला. बाबांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा आल्या. मी डोळे मिटून बोट फिरवलं. गुळगुळीत! स्टीलवर असं चित्र उमटतं ते बहुतेक वरचा थर तापून काळा पडल्यामुळे. त्याला खोली अशी नसतेच. खोल कोरता येतं, पण केसाएवढ्या बारीक रेघा जवळजवळ आल्या की बोटाला सगळं एकच खरखरीत लागतं.

मग गल्लीतल्या म्हाताऱ्या तांबटमामांकडे गेलो. त्यांनी फोटोकडे बघायच्या आधीच विचारलं, "हेसरु एन बरीबेकरी?" नावाचं नंतर बघू म्हटलं आणि अक्काच्या डोळ्यांचं सांगितलं. त्यावर ते मराठीत आले. "मग कोरायचं कशाला? मागनं ठोकून उठवूया की." पत्रा राळेवर बसवायचा, पाठीवर चित्र उलटं काढायचं आणि ठोकत जायचं. ठोकून पितळ ताठरलं की तापवून पुन्हा मऊ करायचं. पण रेघा मोजक्याच हव्यात, हे त्यांनी बजावलं. ब्रेल लिपीतली टिंबंसुद्धा एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात. त्या हिशेबाने ताण्याच्या शेकडो धाग्यांतले नऊच उरले. आणि बाबांचा चेहरा, तबकावर जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा येणारा, तोही गेला. राहिली वाकलेली पाठ, फणी आणि हातातला धोटा.

दादा भडकला. "बाबांचं तोंडच नाही, तर ते बाबा कसले?" त्याचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. बघणाऱ्यासाठी ते तबक उणंच होतं. पण भेट बघणाऱ्यांसाठी नव्हती. नाव मात्र काठावर कन्नडमध्ये घातलं, कारण ते वाचणार अक्काची नातवंडं. मधल्या चित्रात एक अक्षर येऊ दिलं नाही.

अक्काने तबक मांडीवर घेतलं. बोटं आधी काठावरून फिरली, मग आत आली. धोटा लगेच सापडला. "बाबा!" म्हणाली. पाठीवरून हात फिरवत राहिली, बराच वेळ. नंतर बोटं खाली, डावीकडे, उजवीकडे काहीतरी शोधायला लागली.

"अरे, माझा चरखा कुठाय?"

लग्नाआधी कांड्या भरायचं काम तिचं. फोटो काढला तेव्हा ती सासरी जाऊन चार वर्षं झाली होती, चरखा माळ्यावर गेला होता.

तबक परत बेळगावला आणलं. तांबटमामांनी राळ तापत ठेवली, पत्रा उलटा करून खडू हातात घेतला आणि विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी तिथूनच बैलहोंगलला फोन लावला.

"बाबांच्या डाव्या हाताला," अक्का म्हणाली, "खांबाला टेकून. आणि मी खाली बसायची, पाटावर नव्हे, हे सांग त्यांना."