हॉल ते मधली खोली, व्हाया राउटर

२००६ च्या सप्टेंबरात एक्सबॉक्स ३६० भारतात रीतसर विकायला आला. जाहिरातीत अक्षय कुमार आणि युवराज सिंग. किंमत वीस हजारांच्या आसपास सुरू. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत बरा फ्रीज येत असे, त्यामुळे हे खोकं घरात शिरायला सबळ कारण लागायचं. आमच्याकडे ते दादाच्या पहिल्या बोनसमधून शिरलं. बोनस त्याचा असल्याने कुणाला काही बोलता आलं नाही.

हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी सातपासून आजीच्या मालिका. तिथे खेळायची बातच नव्हती. म्हणून एक्सबॉक्स गेला मधल्या खोलीत, जुन्या एकवीस इंची डबा टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी लटकून. त्या पडद्यावर बऱ्याच गेममधली अक्षरं मुंग्यांएवढी दिसायची आणि पुढे काय करायचंय ते अंदाजाने ठरवावं लागायचं. त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते ऑनलाइन जाता येत नाही याचं.

कारण ब्रॉडबँड होतं, पण हॉलमध्ये. फोनची लाइन दाराशी येते, म्हणून फोन दाराशी, आणि फोन तिथे म्हणून मोडेमही तिथेच, क्रोशाच्या रुमालावर. सरकारने २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं, पुढच्या वर्षी बीएसएनएलचं डेटावन आलं, आणि २००७ पासून २ एमबीपीएसचे आकडे ऐकू येऊ लागले. महिन्याचा कोटा मोजका असे, पण काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. एक जीबीचा डेमो उतरवायला २५६ वर जवळजवळ नऊ तास, म्हणजे दोन रात्री. त्या काळात आमच्या पिढीतली कितीतरी मुलं रात्री दोनचा गजर लावून उठत. घरच्यांना वाटे, अभ्यासाला उठतोय.

एक्सबॉक्सच्या पाठीमागे लॅनचं भोक होतं, वाय-फाय मात्र आत नव्हतं. ते पाठीला चिकटणाऱ्या वेगळ्या अडॅप्टरमध्ये मिळे, अमेरिकेत ९९.९९ डॉलरला. तेव्हाच्या भावाने चारएक हजार रुपये, निव्वळ वायर वाचवायला. वाय-फाय आत घालून एक्सबॉक्स यायला २०१० उजाडलं. तोवर मार्ग एकच: हॉलपासून पॅसेजमधून मधल्या खोलीपर्यंत निळी केबल. ती टाकल्यावर दार लागेना. आईने फरशी पुसताना ती पायाने बाजूला सारली आणि सांगितलं, “हे साप आधी उचला.”

मग न्यू जर्सीचा आतेभाऊ सुट्टीला आला. त्याने तिकडे नवा राउटर घेतला होता आणि जुना बॅगेतल्या मोकळ्या जागेत टाकून आणला होता: लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी, निळा-काळा, मागे दोन अँटेना. सोबतचा अडॅप्टर अमेरिकन विजेचा, आपल्याकडे लावला असता तर धूरच. तपकीर गल्लीत बारा व्होल्ट, एक अँपिअरचा अडॅप्टर मिळाला. दुकानदाराने पिन लावून बघितली, मल्टिमीटरने आतलं टोक प्लस आहे ना हे तपासलं आणि मगच पैसे घेतले.

हा ‘चौपन्न’ साधासुधा नव्हता. २००२ च्या अखेरीस तो बाजारात आला आणि वर्षभरात जाणकारांच्या लक्षात आलं, की आत लिनक्स चालतंय. लिनक्सच्या परवान्याची अट अशी, की त्यावर बांधलेल्या वस्तूचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्यावा लागतो. कंपनीने तो दिला. जगभरच्या उत्साही मंडळींनी त्यावरून स्वतःची फर्मवेअर रचली आणि त्यातल्या डीडी-डब्ल्यूआरटीने साध्या राउटरला महागड्या यंत्रांची कामं शिकवली. पुढे पाचव्या आवृत्तीत कंपनीने मेमरी कापून लिनक्स काढलं, तेव्हा हीच मंडळी नाराज झाली आणि कंपनीला खास त्यांच्यासाठी ‘जीएल’ काढावा लागला. आमच्या नशिबाने आतेभावाचा डबा आधीचा होता.

आम्हाला हवं होतं ते ‘क्लायंट ब्रिज’. राउटर वाय-फाय वाटतो. इथे त्याने उलट हॉलमधल्या मोडेमचं वाय-फाय पकडायचं आणि स्वतःच्या लॅन भोकातून एक्सबॉक्सला द्यायचं. एक्सबॉक्सला वाटणार, आपल्याला वायरच जोडली आहे. पहिली अडचण पत्त्याची. मोडेमही १९२.१६८.१.१ आणि चौपन्नही १९२.१६८.१.१, म्हणजे एका चाळीत एकाच खोली क्रमांकाचे दोन भाडेकरू. चौपन्नला शेवटी २ दिला. मग त्याचं डीएचसीपी बंद केलं, कारण घरात पत्ते वाटणारा एकच असावा. चॅनल जुळवला. वेपची दहा अक्षरी किल्ली दादाने वाचून दाखवायची आणि मी टाइप करायची. “बी, बॉम्बेचा. डी, डेक्कनचा.” मग एक्सबॉक्सवर ‘टेस्ट कनेक्शन’. नेटवर्क, आयपी, डीएनएस एकेक करून जुळत गेलं, आणि दादाने काही न बोलता खुर्ची मागे ढकलून आजीच्या मालिकेच्या मध्यात हॉलमध्ये जाऊन मोडेमच्या डोक्यावर हात ठेवला.

खेळ काय दर्जाचा व्हायचा, ते आठवणींच्या गोडव्यात विसरायला नको. बहुतेक गेम खेळाडूंपैकीच एकाच्या एक्सबॉक्सवर चालत आणि तो खेळाडू बहुधा समुद्रापलीकडचा. आपण गोळी झाडायच्या आधीच आपण मेलेलो असायचो. दर गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची आणि आल्यावर चौपन्न मोडेमच्या आधी जागा होऊन बावचळायचा. तेव्हा आधी मोडेम, मग चौपन्न, मग एक्सबॉक्स हा क्रम आजीलासुद्धा पाठ झाला. ज्या मित्रांनी दीडशे रुपयांच्या डीव्हीडी चालाव्यात म्हणून एक्सबॉक्समध्ये कारागिरी करून घेतली होती, ते २००९ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन सेवेतून लाखोंच्या संख्येने बाद झालेल्यांत गेले. आमचा वाचला, कारण दादा अधिकृत डिस्क घेई आणि त्यामुळे आमच्याकडे गेम फारच थोडे होते.

आता भाच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे. वाय-फाय आतच. चालू केलं, पासवर्ड टाकला, संपलं. गेम मात्र शंभर जीबीच्या घरातला. त्याच्या खोलीपर्यंत पाच गिगाहर्ट्‌झ धड पोचत नाही अशी तक्रार आली, तेव्हा मी हौसेने माळ्यावरून चौपन्न काढला. तो चालू झाला, पूल जोडलाही. भाच्याने स्पीड टेस्ट लावली आणि म्हणाला, “मामा, हा तर आपल्या लाइनच्या दहाव्या भागाएवढापण देत नाहीये.”

खरंच होतं. चौपन्नच्या नावात ५४ एमबीपीएस असले, तरी हाताशी वीसच्या आसपास लागत. तेव्हा तेवढे वीस म्हणजे चैन, कारण बाहेरून येणारी लाइन २ ची. घरात जोरात, घराबाहेर कासव. आता फायबर दोनशे घेऊन दारापर्यंत येतं आणि भिंती आडव्या येतात. तेव्हा भिंतीआड जे काही करायचं ते आपल्या हातात होतं, आणि अडचण निम्म्याहून जास्त तिथेच असायची. मला तो काळ आवडतो तो एवढ्यासाठीच. त्यातल्या गैरसोयींबद्दल मला काडीचं प्रेम नाही. भाच्यासाठी आम्ही मेश घेतलं आणि त्याची खोली सुटली.

दुसरी तक्रार मात्र सुटली नाही. मित्रांशी बोलताना आवाज तुटतो, पडद्यावर नॅटच्या चाचणीचा निकाल वाईट. माझ्या वेळी यावर उपाय होता: मोडेममध्ये जाऊन ३०७४ चा पोर्ट एक्सबॉक्सकडे वळवायचा. इथेही मी राउटरमध्ये शिरलो, पोर्ट वळवला, काही फरक नाही. मग राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला: १०० पासून सुरू होणारा, म्हणजे तोही इंटरनेट कंपनीच्या आतलाच. एका खऱ्या पत्त्यामागे कंपनीने कितीतरी घरं बसवली आहेत आणि त्यांचं दार कंपनीच्या यंत्रात आहे. ते आपल्याला उघडता येत नाही. स्वतःचा पत्ता हवा तर दरमहा वेगळे पैसे.

भाच्याने ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकून झाल्यावर त्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, “मामा, ते म्हणतायत राउटर बंद करून चालू करा. करू?”

“कर,” मी म्हटलं. “पण आधी राउटर, मग मेश, मग प्लेस्टेशन.”