हिरव्या ठिपक्याचा धाक

चिपळूणच्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं काउंटरवर होते. यंदा आरोग्य विम्याचे दावे तपासायचं घरबसल्या काम मिळालं. हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्ड, पॉलिसीच्या अटी हे सगळं कागदावर असतं, त्यामुळे ते लवकर समजलं. कळेना ते एवढंच, की दिवसभर खुर्चीत बसून मी इतकी दमते कशाने?

पहिला गोंधळ मीटिंगमधल्या शांततेचा. मी शंका विचारली की क्षणभर कुणी बोलायचंच नाही. मग दोघं एकदम सुरू व्हायचे. ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ होता होता शंका बाजूला राहायची. आपलं विचारणं यांना आवडत नाही, असं मनात घर करून बसलं. पुढे याविषयी वाचलं तेव्हा उलगडा झाला. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. नेटवरून आवाज पोचायला लागणारा वेळ त्यात मिसळला की बोलण्याची लय मोडते. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की अशा उशिराचा दोष ऐकणारा लाइनला देत नाही. समोरच्या माणसाचंच लक्ष नाही, असं त्याला वाटतं. जुन्या ओळखीत हे खपून जातं. नव्या माणसाजवळ ती ओळखच नसते.

दुसरा ताण कॅमेऱ्याचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणं मांडली: सगळे चेहरे जवळून आपल्याकडेच रोखून बघतात, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसतो, जागचं हलता येत नाही आणि एरवी सहज कळणाऱ्या खाणाखुणा मुद्दाम कराव्या आणि वाचाव्या लागतात. माझी आखडलेली मान आणि संध्याकाळी ठणकणारं डोकं यांचा अर्थ मला तिथे सापडला. आता मी स्क्रीनवरचा माझा चेहरा लपवून ठेवते. इतरांना मी दिसते, मला नाही. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा विचारून कॅमेरा बंद करते आणि उभी राहते. दुखणं बरंच कमी झालंय.

सगळ्यात जड गेला तो ऑफिसच्या चॅटमध्ये नावाशेजारी दिसणारा, आपण हजर असल्याचं सांगणारा हिरवा ठिपका. माऊस काही मिनिटं हलला नाही की तो पिवळा होतो. जेवायला उठले तरी जीव त्या ठिपक्यात. भाकरी थापताना फोन ओट्यावर, रात्री उशाशी. दहा वाजता आलेल्या ‘जरा बघता का?’चं उत्तर तेव्हाच द्यायचं की सकाळी, हे कुणी सांगितलेलं नसतं. पतसंस्थेत शटर खाली आलं की दिवस संपायचा. घरी तो संपवायचा कसा?

शेवटी मी आमच्या टीम लीडलाच हे विचारलं. वयाने माझ्याहून बरीच लहान आहे ती. म्हणाली, “ताई, रात्रीचे मेसेज सकाळी बघा. आणि अडलं तर टाइप करत बसू नका, सरळ फोन लावा.” किती मोकळं वाटलं! फोनवर तिच्या आवाजातून मला कळतं, की ती घाईत आहे, रागावलेली नाही.

पण हा दिलासा एखाद्या समजूतदार लीडवर अवलंबून राहू नये. कामाची वेळ संपल्यावर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होवो. घरून काम करणाऱ्या नव्या माणसाला लॅपटॉप आणि पासवर्डसोबत आणखी एक कागद मिळायला हवा: मेसेज कशासाठी, फोन कधी करायचा, आणि किती वाजल्यानंतर उत्तराची अपेक्षा नाही. हे लिहून द्यायला कुठल्याच ऑफिसला खर्च येत नाही.