रात्रपाळीतला दुसरा माणूस

नोकरीवर रुजू होताना ज्या कागदांवर मी सह्या केल्या, त्यांत एक कलम शस्त्रांचं होतं. कामाच्या जागी कुठलंही शस्त्र आणायचं नाही, सरकारी परवाना असला तरी नाही. आणलेलं आढळलं तर नोकरी जाईल. त्याच्या खालचं कलम लुटीचं होतं. कोणी लुटायला आलं तर पैसे देऊन टाकायचे, विरोध करायचा नाही, मागे धावायचं नाही. पुढे मी पहिलं कलम मोडलं आणि दुसरं अक्षरशः पाळलं. दोन्ही गोष्टी विचार करूनच केल्या.

मी फ्लोरिडात, टँपा आणि ऑर्लँडो यांच्यामध्ये असलेल्या प्लांट सिटीच्या बाजूला राहते. भावाने अर्ज केला, कित्येक वर्षांनी आमचं ग्रीन कार्ड आलं, आणि पन्नाशीला टेकल्यावर आम्ही नवरा-बायको इथे आलो. हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात मला रात्रपाळी मिळाली. दुकान एका मोठ्या साखळीचं. हा भाग स्ट्रॉबेरीचा. हंगामात पहाटे चारपासून शेतांवर निघालेले मेक्सिकन मजूर कॉफीसाठी यायचे. त्याआधी ट्रकवाले, ड्यूटी संपवून घरी निघालेल्या नर्सेस. माणसं बहुतेक चांगली. पण मध्यरात्र उलटली की तास-दीड तास असा जायचा, की दुकानात मी आणि फ्रीजचा आवाज, एवढंच.

या दुकानांसाठी फ्लोरिडात वेगळा कायदा आहे. १९८०च्या दशकात रात्रीच्या दुकानांतले लुटीचे आणि खुनाचे प्रकार फार वाढले, तेव्हा गेन्सव्हिल शहराने रात्री दोन कामगार ठेवायची सक्ती केली. मग १९९०च्या दशकात राज्याचा कायदा आला. दारावर कॅमेरा, पार्किंगमध्ये उजेड, खिडक्यांना काळी काच नाही, कळ दाबली की पोलिसांना गुपचूप कळवणारी घंटा, आणि गल्ल्यात पन्नास डॉलर किंवा त्याहून कमी रोकड असल्याची पाटी. जास्तीच्या नोटा फटीतून तिजोरीत सरकवायच्या. ती तिजोरी माझ्याच्याने उघडत नाही. दाराच्या चौकटीला उंचीच्या खुणांची पट्टी असते. बाहेर पडणाऱ्याची उंची कळावी म्हणून ती लावलेली.

आणि दुसरा माणूस? तो कायद्यात आहे, पण पुढच्या पायरीवर. दुकानात खून, लूट, बलात्कार, अपहरण असा गंभीर गुन्हा घडला, तर त्यानंतर रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात मालकाने दोन कामगार ठेवायचे, किंवा कामगाराभोवती गोळीरोधक पारदर्शक भिंत उभारायची, किंवा पहारेकरी नेमायचा, नाहीतर दार बंद करून खिडकीतूनच विक्री करायची. आधी गुन्हा, मग सोबत. मालक किंवा त्याच्या घरचे रात्री स्वतः काउंटरवर असतील, तर ते दुकान या कायद्याच्या बाहेरच. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं इथे पेट्रोल पंप चालवतात. नवरा-बायको, मुलगा, सासरे आळीपाळीने रात्र काढतात. त्यांना हे लागूच नाही.

आमच्याच साखळीच्या दुसऱ्या दुकानात एका मुलीला लुटारूने मागच्या शीतखोलीत नेऊन कोंडलं. ती वाचली, पण पुन्हा कामावर आली नाही. मी व्यवस्थापक बाईंना विचारलं, रात्री दुसरं कोणी देता का? बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "वरून तासांचं बजेट येतं, त्यात बसत नाही. आणि आपल्या दुकानात काही घडलेलं नाही." त्या आठवड्यापासून मी पिस्तूल लावून जायला लागले.

मला बंदुकीचं अप्रूप कधीच नव्हतं. राजापूरकडच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, रानडुकरांसाठी. निवडणूक लागली की आजोबा ती खांद्याला लावून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकालानंतर परत आणायचे. घरात शस्त्र असणं म्हणजे कोणाला तरी उत्तर द्यावं लागणं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. इथला परवाना मी घेतला तेव्हा प्रशिक्षकासमोर गोळी झाडून दाखवली, बोटांचे ठसे दिले. इथे तो परवाना राज्याचं शेती खातं देतं. २०२३च्या जुलैपासून फ्लोरिडात लपवून पिस्तूल बाळगायला परवान्याची गरज उरलेली नाही. मला तो बदल आवडलेला नाही. काउंटरच्या या बाजूला उभं राहणाऱ्याला विचारा, समोरच्याने निदान एकदा तरी कोणासमोर नीट गोळी झाडून दाखवलेली असावी असं वाटतं.

कायद्याने मी गुन्हेगार नव्हते. दुकान काही कोर्ट किंवा शाळेसारखी बंदी असलेली जागा नाही. मोडत होते तो कंपनीचा नियम. पण त्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि मी पिस्तुलासकट तिथेच थांबले, तर तो सशस्त्र अतिक्रमणाचा मोठा गुन्हा झाला असता. कंपनीची बाजू मला समजते. घाबरलेल्या कामगाराची गोळी एखाद्या गिऱ्हाइकाला लागली तर तो माणूस जाईल आणि दावा कंपनीवर येईल. हे खरंच आहे. पण माझ्या हातातून माझा बचाव काढून घेतला, तर त्याच्या जागी काय ठेवलंत? पन्नास डॉलरची पाटी पैशांचं रक्षण करते. उंचीची पट्टी नंतरच्या तपासासाठी. मी जिवंत असतानाच्या त्या दोन मिनिटांसाठी काय?

ते वजन कमरेला घेऊन आठ तास उभं राहणं सोपं नाही. वरच्या फळीवरची सिगारेट काढताना शर्ट वर सरकतो, म्हणून मी स्टूल घ्यायचे. वाकायचं तर गुडघ्यांत. येणाऱ्या प्रत्येकाचे आधी हात बघायची सवय लागली; चेहरे नंतर. ती सवय मला आवडत नव्हती. ह्यांना सगळं ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "अगं, तू ते लावून गेलीस की मला झोप लागत नाही. आणि न लावता गेलीस तरी लागत नाही."

मी म्हटलं, "अहो, माझ्या शेजारी कोणी उभं असेल तर मी ते उद्यापासून काढून ठेवीन."

मी एक रेघ मनाशी ठरवली होती. पैशांसाठी पिस्तूल काढायचं नाही. पळणाऱ्यावर तर नाहीच. मला मागच्या खोलीत न्यायला लागला, तरच.

तो आला तेव्हा तीन वाजून गेले होते. तोंड झाकलेलं, पिस्तूल आधीच हातात. समोरच्याचं पिस्तूल बाहेर असताना आपण आपल्या कमरेशी हात नेला तर काय होतं, हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही. मी गल्ला उघडला, नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. त्याने तिजोरीकडे बोट केलं. मी पाटी दाखवली आणि म्हणाले, माझ्याकडे किल्ली नाही. त्याने मान वळवून शीतखोलीच्या दाराकडे बघितलं. तेवढा एक क्षण मी रेघेवर उभी होते. माझा उजवा हात काउंटरच्या कडेवरून सुटला होता.

तेवढ्यात आवारात एक ट्रक वळला आणि त्याचे दिवे काचांवर पडले. तो नोटा उचलून बाहेर पळाला. पट्टीवर त्याचं डोकं कुठे लागतं ते मी बघितलं आणि कळ दाबली. ट्रकवाला खाली उतरला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाचवणारा म्हणावं असं त्याने काही केलंही नाही. तो फक्त तिथे आला.

शेरीफचा माणूस आला तेव्हा मी आधीच सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे, परवाना आहे. तो म्हणाला, आहे तिथेच राहू द्या. त्याने कंपनीला कळवलं की नाही माहीत नाही. मला कोणी काही विचारलं नाही.

आता मात्र आमच्या दुकानात गुन्हा घडला होता. बजेटमध्ये न बसणारे तास बसले. माझ्याबरोबर हैतीहून आलेली एक बाई रात्री काम करते. ती बोलकी आहे, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा आधी बघते. तिच्या पहिल्या रात्रीपासून माझं पिस्तूल गाडीत कुलपात असतं. २००८च्या कायद्याने परवानाधारकाला पार्किंगमधल्या बंद गाडीत ते ठेवायला कंपनी मनाई करू शकत नाही. दोन्ही बाजूंचा मान राहतो.

चोवीस महिने पुन्हा काही घडलं नाही, तर कंपनी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे या जादा बंदोबस्तातून सूट मिळवू शकते. ती मुदत या हंगामात पुरी होतेय. मी विभागाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून विचारलंय, दुसरा माणूस राहणार का, आणि साखळीतल्या इतर दुकानांत गुन्हा घडायची वाट न बघता तो देणार का. उत्तर आलं, कायद्याला अनुसरून निर्णय घेतला जाईल. मी पुन्हा लिहिलंय. या वेळी खाली माझ्याबरोबर तिचीही सही आहे.